काजळी पुसून मिळवलेला सिनेमा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात भरलेल्या एका छायाचित्र-प्रदर्शनाचे माहितीपत्रक हाती आले. चित्रे आमच्याच भागातली होती: नायगावचा बसथांबा, नांदेड-देगलूर रस्त्यावरचा रात्रीचा पेट्रोलपंप, नरसीच्या चौकातली चहाची टपरी. प्रत्येक दिव्याभोवती तांबूस प्रभावळ, आणि संध्याकाळच्या चित्रांवर एक निळसर झाक. माहितीपत्रकाने या साऱ्याचे वर्णन एका शब्दात उरकले होते: 'सिनेमॅटिक'. ही चित्रे सिनेमाच्या फिल्मवर टिपली आहेत, म्हणून त्यांत सिनेमाचा आत्मा उतरला आहे, असा एकूण युक्तिवाद. इथवर आमची तक्रार नव्हती. प्रदर्शन भरवणाऱ्याने स्वतःच्या चित्रांची स्तुती करू नये, असे कोण म्हणेल? पण पुढच्या महिना-दोन महिन्यांत हाच शब्द, याच अर्थाने, मराठीच्या दोन अध्यापकांच्या लेखनात भेटला आणि मग एका विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाच्या आराखड्यातही. त्या आराखड्यात तांबूस प्रभावळीचा संबंध थेट मराठवाड्याच्या 'अंतर्मनातील जखमे'शी जोडलेला होता. तेव्हा मात्र गप्प बसणे अशक्य झाले.

ती प्रभावळ म्हणजे पाठीवरून उलटलेला प्रकाश आहे. तो कसा येतो हे समजायला दहावीपुरते भौतिकशास्त्र पुरे. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये प्रकाशसंवेदी थर एकावर एक असतात: निळा प्रकाश टिपणारा वर, हिरवा टिपणारा त्याखाली आणि तांबडा टिपणारा सर्वांत तळाला, फिल्मच्या पारदर्शक पाठीलगत. प्रखर दिव्याचा प्रकाश हे सारे थर भेदून पाठीपर्यंत पोचतो, तेथून उलटतो आणि माघारी येताना सर्वप्रथम तांबड्या थराला गाठतो. म्हणून दिव्याभोवती तांबडे वलय उमटते. सिनेमाच्या छायालेखकांना हे वलय नको होते. ते टळावे म्हणून सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हच्या पाठीवर कार्बनच्या बारीक पुडीचा एक काळा थर देत. धंद्यात त्याला 'रेमजेट' म्हणतात, आपण काजळी म्हणू. ही काजळी प्रकाश गिळते. शिवाय सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने कॅमेऱ्यातून धावणाऱ्या फिल्मवर ती स्थिर विद्युत् साचू देत नाही आणि फिल्मची पाठ ओरखड्यांपासून राखते.

आता हीच फिल्म साध्या कॅमेऱ्यात घालून नेहमीच्या कलर लॅबमध्ये धुवायला टाकली तर काय होते? काजळी सुटते, रसायनात मिसळते आणि त्याच द्रावणातून जाणाऱ्या इतरांच्या लग्नाच्या, बारशाच्या रोलांवर जाऊन बसते. म्हणून लॅबवाले अशी फिल्म घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. यावर विक्रेत्यांनी तोड काढली ती अशी, की काजळी आधीच पुसून टाकायची आणि मग ती फिल्म रोलमध्ये भरून विकायची. २०१०नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिनेस्टिल ही कंपनी याच मालावर जगभर नावारूपाला आली. काजळी पुसली की वलय आलेच. म्हणजे सिनेमाने जो दोष टाळण्यासाठी एक थर खर्ची घातला, तो थर काढल्यावर उघडा पडणाऱ्या दोषाला आज 'सिनेमॅटिक' म्हणण्याची रीत पडली आहे. दिग्दर्शकाने कापून फेकलेली चौकट उचलून ती चित्रपटाचा गाभा म्हणून मिरवावी, तसला हा प्रकार आहे.

निळसर झाकेचेही तेच. या फिल्मच्या नावापुढे जे 'टी' अक्षर असते ते टंगस्टनचे, म्हणजे तारेच्या पिवळ्या दिव्याचे. चित्रपटगृहात नव्हे, चित्रीकरणाच्या मंचावर जे दिवे जळत त्यांच्यासाठी हिचे रंग जुळवलेले असतात. ती उघड्यावर, उजेडात वापरायची तर भिंगापुढे नारिंगी काच लावावी लागते. छायालेखक ती लावत. आमच्या प्रदर्शनकर्त्याने लावली नाही. मग नायगावचे आभाळ निळे-जांभळे झाले, आणि समीक्षकाला त्यात 'दुष्काळी प्रदेशाची उदासी' दिसली. काच लावली असती तर उदासी गेली असती काय, हा प्रश्न आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारला. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, त्याला काचेबद्दल ठाऊकच नव्हते. दोष त्याचा नाही. त्याला शिकवणाऱ्या आम्हां लोकांचा आहे. नवकथेच्या समीक्षेपासून आपण क्लोज-अप, फ्लॅशबॅक, मोंताज हे शब्द सढळपणे वापरत आलो. ज्या वस्तूवरून ते शब्द निघाले तिला बोट लावण्याची गरज मात्र आपल्याला कधी वाटली नाही.

आणि या सगळ्याला एक मौजेची जोड अशी की, २०२५मध्ये खुद्द कोडॅकनेच आपल्या व्हिजन-३ मालिकेतील फिल्मच्या पाठीवरची काजळी काढून टाकण्यास आरंभ केला. तिच्या जागी प्रकाश अडवणारा निराळा थर फिल्मच्या आतच, संवेदी थरांच्या तळाशी दिला जातो. नव्या फिल्मला पुसण्यासारखे पाठीवर काही नाही, आणि वलयाचा बंदोबस्तही आतूनच झालेला. आत्मा आता कोठून आणणार, हे प्रदर्शनकर्त्यांनी पाहावे.

आम्ही सिनेमाची फिल्म साध्या कॅमेऱ्यात घालण्याच्या विरुद्ध आहोत, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. या कृतीला इतका जुना आणि इतका सन्मान्य इतिहास आहे की, तिला असल्या तांबूस वलयांच्या आधाराची गरज नाही. ज्याला आपण पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा म्हणतो तो जन्मालाच आला सिनेमाच्या फिल्मवर. जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने १९१३-१४च्या सुमारास जो छोटा कॅमेरा बनवला, त्यात त्याने सिनेमाचीच फीत घातली आणि सिनेमाच्या दोन चौकटी जोडून एक आडवी चौकट केली. चोवीस बाय छत्तीस मिलिमीटर हे आपल्या ओळखीचे माप तेथून आले. १९२५मध्ये लायका बाजारात आला तेव्हाही तयार रोल मिळत नव्हते. अंधारात बसून, सिनेफिल्मचा तुकडा कापून आपणच डबीत भरावा लागे. एकदा वापरून टाकून देण्याची तयार डबी कोडॅकने आणली ती १९३४मध्ये. म्हणजे दुकानातला सीलबंद रोल ही नंतरची सोय. मूळ रीत कापून भरण्याचीच. 'मूळ' आणि 'अस्सल' या शब्दांवर जीव टाकणाऱ्या आपल्या समीक्षेने निदान एवढी वंशावळ तरी पाहायला हवी होती.

योगायोग असा की, बार्नाक वेट्झलारला कॅमेरा जुळवत होता त्याच सुमारास मुंबईत फाळक्यांच्या घरी अंधारात फिल्म हाताळली जात होती. १९१२मध्ये दादासाहेबांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्यांच्याकडे येणारी कच्ची फिल्म छिद्रे न पाडलेली असे. फितीच्या दोन्ही कडांची छिद्रे घरीच, काळोखात, यंत्राने पाडावी लागत, आणि हे काम सरस्वतीबाई करीत. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्रा'ची कथा सांगताना आपण फाळक्यांच्या ध्यासाबद्दल पानेच्या पाने लिहितो. सरस्वतीबाईंच्या बोटांबद्दल एखादे वाक्य लिहून पुढे सरकतो. अंधारात, केवळ स्पर्शाने, फिल्मची कोणती बाजू संवेदी आणि कोणती पाठ हे ओळखणारी ती बोटे भारतीय सिनेमाच्या आरंभाशी आहेत. नायगावच्या एखाद्या स्टुडिओत पुढे जे घडले त्याचा धागा या बोटांशी जोडावा, लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानांतल्या रंगीत खोक्यांशी नव्हे, असे आम्हांला वाटते.

कारण आपल्याकडे फिल्म कायम अपुरी होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कच्च्या फिल्मवर नियंत्रण आणले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधून टाकली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली, परवाने आले, कोटे आले. सरकारने १९६०मध्ये उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन केली. तिची 'इंदू' नावाची कृष्णधवल फिल्म आमच्या पिढीने पाहिली आहे. पूर्व जर्मनीची 'ऑर्वो' हीही ओळखीची. तरी एक अख्खा रोल ही लहान गावच्या छायाचित्रकाराला जपून खर्च करण्याचीच वस्तू होती. दुसऱ्या टोकाला सिनेमाच्या धंद्यात काय चाले? कॅमेऱ्याच्या चारशे फुटांच्या डब्यात शेवटी चाळीस-पन्नास फूट उरले तर एवढ्यावर नवे दृश्य सुरू करण्याचा धोका कुणी घेत नसे. ते उरलेले तुकडे, ज्यांना 'शॉर्ट एंड' म्हणत, डब्यात परत घालून, चिकटपट्टी लावून, स्वस्तात विकले जात. सिनेमाच्या हिशेबात चाळीस फूट म्हणजे अर्धे मिनिटही नाही. छायाचित्रकाराच्या हिशेबात ते सात रोल होत.

हा हिशेब जरा नीट पाहण्यासारखा आहे. फितीच्या एका फुटात कडेला चौसष्ट छिद्रे असतात. सिनेमाची चौकट चार छिद्रांची, म्हणून फुटाला सोळा चौकटी. साध्या कॅमेऱ्याची चौकट आठ छिद्रांची, म्हणून फुटाला आठ. छत्तीस चित्रांना साडेचार फूट, पुढची जीभ आणि मागचे शेपूट धरून साडेपाच. चारशे फुटांचा अख्खा डबा सिनेमात साडेचार मिनिटांच्या आत संपतो. त्याच डब्यातून बहात्तर रोल निघतात, म्हणजे अडीच हजारांवर चित्रे. एका गावातल्या दोन-तीन वर्षांच्या मुंजी, लग्ने, शाळेचे गट, नोकरीच्या अर्जावरचे चेहरे. एका गाण्याच्या लांबीत एक गाव मावते, असे आम्ही म्हटले तर अलंकार केल्याचा आरोप होईल. पण हे गणित आहे.

नायगावात एक जुने स्टुडिओवाले आहेत. सगळे गाव त्यांना मामा म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांच्या डार्करूमच्या भिंतीत, खांद्याच्या उंचीवर, दोन खिळे आहेत. त्यांच्यामधले अंतर साडेपाच फूट. दार लावायचे, फटीत चादर कोंबायची, डबा उघडायचा, फितीचे टोक पहिल्या खिळ्याला अडकवायचे, दुसऱ्या खिळ्यापर्यंत ताणायचे, कापायचे. मग तो तुकडा जुन्या, रिकाम्या डबीतल्या चकतीला चिकटवून गुंडाळायचा. भरण्याचे यंत्रही मिळत असे. पण त्याच्या तोंडाशी असलेल्या मखमलीत धुळीचा एक कण अडकला की साऱ्या फिल्मवर शेवटपर्यंत एक ओरखडा उमटे, म्हणून मामांचा भरवसा खिळ्यांवर. हैदराबादहून डबा येई. तो कशासाठी बनला होता, सिनेमासाठी की आणखी कशासाठी, याची विचारपूस ते करीत नसत. आम्ही जरा शास्त्रीय आविर्भावात विचारले, "मामा, सिनेमाच्या फिल्मचा फोटो निराळा यायचा का?" ते म्हणाले, "सर, फिलमला काय कळतंय ती सिनेमाची हाय का बारशाची? फूट मोजून भरायची. हात चुकला तर फोटो चुकला."

हा सारा व्यवहार कृष्णधवल फिल्मचा, त्यामुळे त्यात काजळीची भानगड नव्हती, हे सांगितले पाहिजे. आणि मामांनी तो रोल कधी 'सिनेमाचा' म्हणून गिऱ्हाइकाला विकला नाही, हेही.

रोल भरून विकणाऱ्यांवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप याच ठिकाणी लागू पडतो, आणि तो आम्हांला मान्य आहे. अमेरिकेत सिएटल फिल्मवर्क्स नावाची कंपनी १९७०च्या दशकापासून कोडॅकची सिनेफिल्म रोलमध्ये भरून टपालाने पाठवी. ती फिल्म साध्या लॅबमध्ये धुता येत नसल्याने गिऱ्हाईक पुन्हा तिच्याच दारी. फिल्म जवळजवळ फुकट आणि धुलाईचे दार एकच, असा तो पिंजरा होता. आजही फिल्मवरचे मूळ नाव झाकून, झकपक वेष्टन चढवून, काजळी आहे की नाही हे न सांगता माल खपवणारे आहेत. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही. २०२३मध्ये '८००टी' या नावाच्या व्यापारचिन्हावरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या तेव्हा छायाचित्रकारांत गदारोळ उठला. दुसऱ्याच्या फिल्मवर ज्यांचा संसार उभा, त्यांनीच नावाला कुंपण घालावे, याची आम्हांलाही गंमत वाटली.

पण याहून मोठे कुंपण दुसरे आहे. २०१२च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. २०१३मध्ये ती त्यातून बाहेर पडली तेव्हा छायाचित्रणाच्या फिल्मचा व्यापार कोडॅक अलारिस या वेगळ्या कंपनीकडे गेला. सिनेफिल्म मूळ कोडॅककडेच राहिली. फिल्म बनते रॉचेस्टरच्या एकाच कारखान्यात; गल्ले दोन झाले. तेव्हापासून सिनेमाच्या डब्यातली फिल्म रोलमध्ये जाणे हा केवळ काटकसरीचा प्रश्न राहिला नाही, कोणत्या गल्ल्यात पैसे पडतात याचा झाला. मोठा डबा मागणाऱ्याला 'कोणता चित्रपट काढताय?' असे विचारले जाते, ही तक्रार अलीकडे देशोदेशींचे रोल भरणारे करताना दिसतात. कादंबरीसाठी विकलेल्या कागदावर कविता लिहू नये, अशी अट कागदवाल्याने घातली तर आपण काय म्हणू? लॅबच्या रसायनांच्या रक्षणासाठी नियम असावा. तो लॅबने करावा. माल विकून झाल्यावर त्यावर कोणते चित्र उमटावे हे ठरवण्याचा हक्क विकणाऱ्याकडे राहतो, हे आम्हांला पटत नाही. साठच्या दशकात आपली काही लघुनियतकालिके सायक्लोस्टाइल करून निघाली. ते यंत्र कचेऱ्यांची परिपत्रके काढण्यासाठी बनलेले होते. आपण त्या पुसट शाईतल्या कविता वाचल्या, त्यांवर प्रबंध लिहिले. पण तो पुसटपणा हाच त्या कवितेचा आत्मा, असे म्हणण्याइतके आपण तेव्हा भाबडे नव्हतो.

ग्रामीण साहित्याच्या चर्चेत 'मातीचा गंध' नावाची जी वस्तू गेली कित्येक वर्षे तोलून दिली जाते, तीही अशीच पाठीवरून उलटलेली तांबूस प्रभावळ असावी, असा आमचा जुना संशय आहे. त्यावर पुन्हा केव्हा तरी.

आमचा खरा राग मराठी विभागांवर आहे, म्हणजे स्वतःवर. पोथी कशी वाचावी हे आपल्याला येते. लीळाचरित्राचे पाठभेद आपण शिकवतो. महानुभावांची सकळ लिपी ओळखायला शिकवतो. कागद कोणता, शाई कोणती, लेखकू कोण, शक कोणता, हे विचारल्याशिवाय प्रतीवर विश्वास ठेवू नका म्हणतो. मग छायाचित्र समोर आले की हे सारे शिक्षण कोठे जाते? निगेटिव्हच्या कडेला मजकूर असतो. साध्या रोलच्या कडेला १, १ए, २, २ए असे चौकटींचे आकडे छापलेले असतात. सिनेफिल्मच्या कडेला ते नसतात. तेथे फुटाफुटाने वाढत जाणारा लांबलचक क्रमांक असतो आणि १९९०पासून कोडॅकच्या फिल्मवर त्यासोबत यंत्राने वाचायच्या रेघाही. जुन्या कोडॅक फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हे असतात. त्यांवरून फिल्म कोणत्या साली बनली हे कळते, फक्त तीच चिन्हे काही वर्षांनी पुन्हा येतात एवढे लक्षात ठेवायचे. छिद्रांचा आकारही बोलतो: सिनेमाच्या निगेटिव्हची छिद्रे पिंपासारखी, वर-खाली सपाट आणि बाजूंनी गोलसर, साध्या रोलची चौकोनी, कोपरे घासलेली. एवढे ठाऊक असेल तर एखाद्या गावच्या स्टुडिओतली हातभर पट्टी पाहून सांगता येते की, हा छायाचित्रकार डबा विकत घेऊन रोल भरत होता, साधारण कोणत्या वर्षी, आणि रोलचे शेवटचे चित्र त्याने किती काटकसरीने, पार टोकाशी घेतले. ही पाठचिकित्साच झाली. पण हे शिकवायचे तर निगेटिव्ह हवी, आणि आपण पाहतो ती पडद्यावर उजळलेली प्रत.

निगेटिव्ह मात्र थांबायला तयार नाहीत. ॲसिटेटची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने आतून कुजते. तिला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते, वरचा थर सुरकुततो. नांदेड-लातूरकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तिचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. १९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात जी घरे पडली त्यांतल्या माणसांचे लग्नातले, शाळेतले चेहरे असलेच तर अशाच कुठल्या स्टुडिओच्या डब्यात असणार. त्या चेहऱ्यांच्या शोधात आमच्या विभागांतून कुणी गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. 'मराठवाड्याच्या अंतर्मनातील जखम' हा विषय मात्र दरवर्षी मंजूर होतो.

मामांकडे बिस्किटांच्या पत्र्याचे अकरा डबे आहेत. आम्ही दोन उघडले. तिसऱ्याला वास येत होता म्हणून त्यांनी तो लगेच बंद केला. एका पट्टीवर शाळेच्या गटाची पाच चित्रे लागोपाठ होती, पाचही वेळा एकच मुलगा हललेला, आणि सहावी चौकट अर्धीच, कारण तेथे फीत संपली होती. कडेला चौकटींचे आकडे नव्हते. शाळा कोणती ते मामांनी सांगितले, साल त्यांना आठवेना. निघताना आम्ही डार्करूम पुन्हा पाहिली. आता तेथे झेरॉक्सचे कागद ठेवतात. डावीकडच्या खिळ्याला कॅलेंडर टांगले आहे, उजवीकडच्याला दुकानाच्या किल्ल्या.